कवडीचे मोल आणि लदेणीची वाट

एखादी वस्तू क्षुल्लक आहे असे सांगावयाचे झाले म्हणजे मराठी माणसास प्रथम कवडी आठवते. स्वस्तात गेलेला माल कवडीमोल, कृपण मनुष्य कवडीचुंबक आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळ फुटकी कवडीही नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर हा शब्द दर हंगामात दोन प्रकारे कानी पडतो. बोंड किडीने पोखरल्यामुळे नीट न उमललेला, सरकीला घट्ट चिकटून राहिलेला कापूस आपण 'कवडी' म्हणून वेचणीत वेगळा काढतो. आणि चांगल्या कापसालाही भाव मिळाला नाही म्हणजे तो कवडीमोल गेला असे म्हणून सुस्कारा टाकतो.

परंतु हीच कवडी पैनगंगेपलीकडे माहूरगडावर रेणुकामातेच्या आराध्याच्या गळ्यात माळ होऊन बसते. गोंधळी ती भक्तीने धारण करतो. शिवछत्रपतींच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेची श्रद्धापूर्वक आठवण महाराष्ट्रात घरोघर केली जाते. आणि आपल्या तांड्यातील वृद्ध मातांच्या फेटियावर, कांचळीवर, पाण्याच्या घागरीखालच्या चुंबळीवर हीच कवडी रांगेने शिवलेली आढळते. जी वस्तू भाषेने सर्वांत हलकी ठरविली तीच देवीच्या गळ्यात आणि लेकीच्या अंगावर कशी आली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या समाजाच्या पूर्वेतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आहे. तो उलगडून दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कवडी म्हणजे काय?

कवडी हे एका लहानशा सागरी गोगलगायीचे कवच होय. या जातीस शास्त्रज्ञ 'मोनेटारिया मोनेटा' या नावाने ओळखतात. स्वीडनचा प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली या प्राण्याचे नामकरण केले, तेव्हा त्याने 'मोनेटा' हा लॅटिन शब्द योजिला. त्याचा अर्थ नाणे असा आहे. म्हणजे शास्त्राच्या ग्रंथातही या जीवाची ओळख त्याच्या चलनावरूनच झाली.

हा प्राणी उष्ण कटिबंधातील समुद्रात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत, प्रवाळाच्या उथळ पाण्यात राहतो. दिवसा तो दगडांच्या सांदीत दडून बसतो आणि रात्री बाहेर पडून शेवाळ खातो. त्याचे कवच साधारणपणे दीड ते तीन सेंटिमीटर लांब, पिवळसर पांढरे आणि कडेला किंचित गाठाळ असते. लहानपणी या कवचाचा ओठ पातळ व उघडा असतो. प्राणी वयात आला म्हणजे तो ओठ आत वळतो, त्यावर दातांसारखे खाचे उमटतात आणि मग कवचाची लांबी वाढत नाही, फक्त जाडी वाढते. यामुळेच कवडी कवडीसारखी दिसते. हजार कवड्या घेतल्या तरी त्यांत फारसा लहानमोठेपणा नसतो. जिवंतपणी या प्राण्याच्या अंगाची मऊ त्वचा कवचाला बाहेरून झाकून टाकते आणि त्यावर सतत नवा थर चढवीत राहते. कवडीला मुळातच जी तुकतुकी असते ती कोणा कारागिराने घासून आणलेली नसून त्या जीवाने स्वतः दिलेली आहे.

नाणे म्हणून कवडी का पत्करली गेली याचे कारण आता सहज ध्यानात येईल. ती सडत नाही, गंजत नाही, झिजत नाही. तिची नक्कल करता येत नाही. कारण खोटी कवडी घडविण्यास खऱ्या कवडीहून कितीतरी अधिक खर्च येईल. ती मोजता येते, मापाने भरता येते, तोलताही येते. निरक्षर मनुष्यासही ती पाहताक्षणी ओळखू येते. तिच्यावर कोणा राजाचा छाप नसल्याने राज्य बुडाले तरी ती बुडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती जेथे चालत असे तेथे ती उपजत नसे.

मालदीवच्या स्त्रिया

हिंदुस्थानात चाललेल्या कवड्यांचे मुख्य आगर म्हणजे मालदीव बेटे. अकराव्या शतकातील विद्वान अल्बेरुनी याने या समुद्रातील बेटांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची बेटे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ च्या सुमारास मालदीवला पोहोचला व तेथे काझीच्या पदावर राहिला. समुद्रातून काढलेले हे जीव खड्ड्यात पुरून ठेवीत, मांस कुजून गेले म्हणजे पांढरे कवच उरे, आणि बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन त्या कवड्या नेत, असे त्याने नमूद केले आहे.

पुढे १६०२ साली फ्रान्सचा पिरार्द दि लावाल हा खलाशी जहाज फुटल्यामुळे याच बेटांवर अडकला व सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. त्याने दिलेली माहिती अधिक बारीक आहे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आधी तीन दिवस व नंतर तीन दिवस कवड्या वेचण्याचे काम चाले, आणि ते काम स्त्रिया करीत. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्या वाळूतून कवड्या गोळा करीत. मग बारा-बारा हजार कवड्यांची पुडकी नारळीच्या झावळ्यांत बांधून जहाजांवर चढत. एकाच वर्षी तीस-चाळीस जहाजे केवळ कवड्या भरून बंगालकडे गेलेली त्याने पाहिली.

इब्न बतूता याने दिलेले भाव मात्र विशेष मनन करण्यासारखे आहेत. मालदीवमध्ये एका सोन्याच्या दिनाराला चार लक्ष कवड्या मिळत आणि भाव उतरला म्हणजे बारा लक्षही मिळत. पुढे तोच प्रवासी पश्चिम आफ्रिकेतील माली देशात गेला. तेथे एका दिनारास केवळ ११५० कवड्या पडत होत्या! म्हणजे मालदीवच्या वाळूतून माली देशाच्या बाजारात पोहोचेपर्यंत कवडीचे मोल कमीत कमी सुमारे साडेतीनशे पटीने वाढले. कवडी तीच, तिच्यात गुंजभरही भर पडलेली नाही. मग भर पडली कशाची? जहाज, उंट आणि वाट चालणारा मनुष्य यांच्या श्रमाची. कवडीचे मोल हे मुळात वाहतुकीचे मोल होय. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे.

लीलावतीतील कवडी

आपल्या देशात कवडीचा व्यवहार फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान याने मध्यदेशातील लोक खरेदी-विक्रीत कवड्या वापरतात असे लिहिले आहे. संस्कृतात कवडीस कपर्दिका, वराटक अथवा वराटिका म्हणतात; कपर्दिकेपासूनच आपली कवडी झाली. वैद्यकातही कपर्दिक भस्म प्रसिद्ध आहे.

परंतु कवडीचा सर्वांत सुबोध हिशेब आढळतो तो भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथात. हा ग्रंथ ११५० सालचा. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या विद्येचे अध्ययन चालावे म्हणून स्थापिलेल्या मठाचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तेव्हा हे कोष्टक आपल्या मुलखास परके नव्हे. ते असे :

२० वराटक म्हणजे १ काकिणी. ४ काकिणी म्हणजे १ पण. १६ पण म्हणजे १ द्रम्म. १६ द्रम्म म्हणजे १ निष्क.

यावरून एका द्रम्मास १२८० आणि एका निष्कास २०४८० कवड्या होतात. या कोष्टकावर अपूर्णांकांचा गुणाकार शिकविण्यासाठी भास्कराचार्यांनी एक मोठे गमतीचे उदाहरण घातले आहे. एका कृपणाने याचकास दान दिले. किती? अर्ध्या द्रम्माचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग. गुणाकार करून पाहिला म्हणजे उत्तर येते एका द्रम्माचा १२८० वा अंश, अर्थात बरोबर एक कवडी! इतकी मोठी रास मांडून शेवटी हातावर ठेविली एक कवडी. आम्ही अनेक वर्षे हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडविले, आणि उत्तर येताच मुले हसली नाहीत असे एकदाही झाले नाही. कवडीचुंबक या शब्दाची फोड याहून चांगली कोणता शब्दकोश करील?

मात्र या विनोदाआड एक गंभीर गोष्ट आहे. ज्या समाजात द्रम्माचा बाराशे ऐंशीवा भागही खरा, हाताळता येण्याजोगा असतो, त्या समाजात अत्यंत गरीब मनुष्यालाही बाजारात उभे राहता येते. मूठभर मीठ, चिमूटभर हळद, दोन पाने विकत घेणाऱ्यास सोन्या-रुप्याच्या नाण्याचा काय उपयोग? कवडी हे गरिबाचे नाणे होते.

कटक आणि वऱ्हाड : एकाच तहाची दोन कलमे

अठराव्या शतकात बंगाल व ओरिसा या प्रांतांत कवडीचे राज्य होते. तेथील कोष्टक असे : चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण, आणि सामान्यतः चार काहणांचा एक रुपया. म्हणजे रुपयास ५१२० कवड्या. रॉबर्ट लिंडसे हा कंपनीचा अधिकारी १७७८ साली सिल्हेट येथे गेला तेव्हा त्या जिल्ह्याचा सुमारे अडीच लक्ष रुपयांचा सारा कवड्यांतच भरला जात होता. वरील दराने हिशेब केला तर ही संख्या १२८ कोटी कवड्यांची होते! त्या साठविण्यास कोठारे आणि ढाक्यास नेण्यास नावांचा तांडाच लागे.

ओरिसाचा संबंध तर थेट आपल्या वऱ्हाडाशी पोहोचतो. १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसले यांस अलीवर्दीखानाकडून ओरिसा मिळाला आणि पुढे बावन्न वर्षे तो प्रांत भोसल्यांच्या अमलाखाली राहिला. त्या काळी वऱ्हाडातही भोसल्यांचा अंमल व वसुली चालत असे. म्हणजे ज्या दौलतीच्या एका टोकास जमिनीचा सारा काहणांनी मोजला जात होता, तिच्याच दुसऱ्या टोकास वर्धा आणि पैनगंगा यांच्यामधला आपला मुलूख होता.

१८०३ साली हे दोन्ही एकदम गेले. आडगाव येथे २९ नोव्हेंबर रोजी आणि गाविलगड येथे १५ डिसेंबर रोजी भोसल्यांचा पराभव झाला आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्या तहान्वये कटक प्रांत इंग्रज कंपनीकडे गेला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. आजचा यवतमाळ जिल्हा या दुसऱ्या कलमातला. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिला, १८६४ साली आपला जिल्हा निराळा झाला, तो पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

तहाच्या पहिल्या कलमाचे परिणाम मात्र अधिक दारुण झाले. कंपनीने थोड्याच वर्षांत ओरिसातील सारा कवड्यांत घेण्याचे बंद करून रुपयांची मागणी केली. शेतकऱ्याच्या घरी कवड्या, आणि सरकारास हवी चांदी! कवडीचा भाव घसरला, सारा त्याच मानाने वाढला, जुन्या जमीनदारांच्या जमिनी लिलावात गेल्या. १८१७ साली बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांत कवडीचे हे चलनबंदीचे दुःख एक प्रमुख कारण होते. ज्यास आपण कवडीमोल म्हणतो ते मोल एका हुकुमाने नाहीसे झाले तेव्हा माणसे शस्त्र घेऊन उठली, हे विसरता कामा नये.

बैलाच्या पाठीवरून

आता आपल्या तांड्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यापासून समुद्र कोणत्याही बाजूने साडेचारशे किलोमीटरांहून कमी अंतरावर नाही. मालदीवपासून पुसदपर्यंत सरळ रेषेत मोजले तरी सतराशे किलोमीटरांहून अधिक अंतर भरते. आगगाडी नव्हती, गाडीवाटा थोड्या, पावसाळ्यात नद्या दुथडी. अशा मुलखात किनाऱ्यावरची वस्तू येत असे ती बैलाच्या पाठीवरूनच, आणि बैलांच्या पाठीवरून माल नेणे हाच आपल्या पूर्वजांचा धंदा होता. त्यासच आपण लदेणी म्हणतो.

या लदेणीचे प्रमाण परदेशी प्रवाशांनी पाहून थक्क होऊन लिहून ठेविले आहे. पीटर मंडी या इंग्रजास १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. त्याच शतकातील फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो, आणि गहू, तांदूळ, कडधान्ये व मीठ यांची ने-आण करणारे निरनिराळे वर्ग सांगतो. तांड्याचा नाईक गळ्यात मोत्यांची माळ घालून राजाच्या थाटात वावरे, असेही तो म्हणतो. १८०३ च्या ज्या युद्धाचा वर उल्लेख केला, त्यात सेनापती वेलस्लीच्या फौजेची रसद बंजाऱ्यांच्याच बैलांवर अवलंबून होती. फौज कोणाचीही असो, तिचे अन्न बंजाऱ्याच्या गोणीत असे.

मीठ हा लदेणीचा मोठा जिन्नस. लमाण हे आपले नाव लवण या शब्दावरून आले असे मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. मीठ समुद्राचे, मोती समुद्राचे आणि कवडीही समुद्राचीच. नाईकाच्या गळ्यात मोती असत, आणि तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या मानाच्या बैलास घंटा, रेशमी गोंडे व कवड्यांच्या माळा यांनी सजवीत. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही अशा वऱ्हाडातील खेड्यांस समुद्राची पहिली खूण दिसली असेल ती या बैलाच्या शृंगारावर.

कवडीचे मोल वाहतुकीने वाढते हे आपण इब्न बतूताच्या आकड्यांवरून पाहिले. त्याचा अर्थ असा की ज्या समाजाने वाहतूक केली त्या समाजाने ते मोल निर्माण केले. राजाने नाण्यावर छाप मारला, सावकाराने हुंडी लिहिली. परंतु माल जेथे नाही तेथे तो पोहोचविणे, आणि तोही उन्हापावसात, चोरवाटांतून, दुसऱ्याची ठेव म्हणून सुखरूप पोहोचविणे, हे काम तांड्याने केले. व्यवहारात विश्वास हेच खरे भांडवल, आणि त्या भांडवलावर आपले पूर्वज शतकानुशतके जगले.

कवडीचा आणि लदेणीचा अस्त

कवडीच्या इतिहासास एक काळी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. डच व इंग्रज व्यापारी मालदीवच्या कवड्या युरोपात नेत आणि तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेत. अठराव्या शतकात लक्षावधी आफ्रिकी स्त्री-पुरुष गुलाम म्हणून समुद्रापार नेले गेले, त्यांतील कित्येकांची किंमत कवड्यांत मोजली गेली होती. मालदीवच्या स्त्रियांनी वेचलेल्या त्या निष्पाप कवचावर हा कलंक मानवाने लावला.

१८४५ च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांनी झांजिबारच्या बाजूची, पाठीवर पिवळे कडे असलेली दुसऱ्या जातीची कवडी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतण्यास आरंभ केला. ती विपुल व स्वस्त होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कवड्या वाढल्या, मोल उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या साठविलेली कुटुंबांची पुंजी मातीमोल झाली. तरीही तेथील लोक कवडीस विसरले नाहीत. घाना देशाने १९६५ साली आपले नवे चलन सुरू केले, तेव्हा त्यास 'सेडी' हे नाव दिले. त्या लोकांच्या भाषेतील कवडी या अर्थाच्या शब्दावरूनच ते आलेले आहे.

आपल्याकडे १८३५ साली कंपनीने सर्व मुलखास एकच रुपया लागू केला. तांब्याचा पैसा व पै खेड्यापर्यंत पोहोचली, आणि कवडी बाजारातून हळूहळू मागे हटली. पुढे लदेणीवरही तोच प्रसंग आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. जे काम तांडा महिन्यांत करी ते ती दिवसांत करू लागली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि देशाच्या कित्येक भागांत, कालपर्यंत ज्यांच्या हाती फौजेचे धान्य सोपविले जाई त्याच बंजाऱ्यांस गुन्हेगार म्हणून नोंदविण्यात आले. हा अन्याय ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. दरम्यान बैल विकले गेले, गोणी फाटल्या, आणि पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या भागांतील माळरानांवर व डोंगरउतारांवर तांडे स्थिर झाले. लदेणीचा वाटसरू कापूस-ज्वारीचा शेतकरी झाला. त्यातीलच पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यात १९१३ साली जन्मलेले कै. वसंतरावजी नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, हे वाचकांस सांगणे नलगे.

वस्त्रावर उरलेला इतिहास

कवडी बाजारातून गेली, परंतु वस्त्रावर राहिली. तांड्यातील मातांनी ती फेटियावर, कांचळीवर, पिशवीवर, चुंबळीवर रंगीत दोऱ्याने टाचली. काही सुशिक्षित मंडळी या वेषास केवळ भडक शोभा समजतात. आपल्यातील काही तरुणांसही त्याची लाज वाटते. त्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. एखाद्या वस्त्रावर दोनशे कवड्या आहेत असे समजू. रुपयास ५१२० या जुन्या दराने ८० कवड्यांचा एक जुना पैसा होतो. म्हणजे त्या दोनशे कवड्यांचे बाजारातील मोल अवघे अडीच पैसे! इतक्याशा मोलासाठी कोणतीही स्त्री महिनोन्‌महिने सुई चालवीत बसणार नाही. तिने ती कवडी पैसा म्हणून जपली नव्हती. दूर देशाहून आलेली, दृष्टीपासून लेकराचे रक्षण करणारी, घरच्या माणसांच्या वाटचालीची खूण म्हणून जपली.

अमावास्येच्या ओहोटीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मालदीवची एक स्त्री कवडी वेचते, आणि सतराशे किलोमीटर दूर, माळरानावरच्या तांड्यात दुसरी एक स्त्री ती कवडी कापडावर शिवते. या दोघींनी एकमेकींस कधी पाहिले नाही, एकमेकींची भाषा त्यांस ठाऊक नाही. त्यांच्यामधले सर्व अंतर कोणी ना कोणी पायी चाललेले आहे. आपल्या समाजाचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो, व ती खरीही आहे. परंतु आपल्या आज्या-पणज्यांच्या पेट्यांत हा इतिहास टाक्याटाक्यांनी नोंदलेला पडून आहे.

दुःखाची गोष्ट अशी की हा ठेवा झपाट्याने नाहीसा होत आहे. गेल्या काही दशकांत तांड्यातांड्यांवर फिरून जुनी वस्त्रे विकत घेणारे लोक येऊन गेले. अडीअडचणीच्या दिवसांत, पीक बुडालेले असताना, मुलांच्या शिक्षणाचा वा दवाखान्याचा खर्च समोर असताना, कित्येक घरांतून जुने फेटिये व कांचळ्या मिळेल त्या किमतीस दिल्या गेल्या. मोठ्या शहरांत त्यांचे तुकडे करून पिशव्या, उशांचे अभ्रे व भिंतीवरचे पडदे केले जातात आणि ते चांगल्या किमतीस विकले जातात. येथेही जुनाच न्याय दिसतो. मोल वाटेत वाढते. फरक इतकाच की पूर्वी ती वाट आपली होती, आज ती दुसऱ्याची आहे, आणि आपल्या वाट्यास खरोखर कवडीमोल येते.

ज्या माउलीने गरजेपोटी वस्त्र विकले तिला आम्ही मुळीच दोष देत नाही. भुकेपुढे इतिहास शहाणपण सांगू शकत नाही. परंतु ज्या घरांत दोन वेळची ददात नाही, मुले नोकरीस लागली आहेत, त्या घरांनी तरी याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. जुने वस्त्र घरात असेल तर ते फाडू नये, विकू नये. कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवावे. घरातील वृद्ध मातेस जवळ बसवून त्या वस्त्राच्या प्रत्येक भागाचे, प्रत्येक टाक्याचे नाव गोरबोलीत लिहून घ्यावे. ते कोणी शिवले, कोणत्या लग्नात नेसले, कोणत्या तांड्यातून आले हेही लिहावे. हे काम एका वहीचे व काही संध्याकाळचे आहे; मात्र ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. संघाच्या वार्षिक मेळाव्यात अशा वस्त्रांचे एक दालन मांडावे आणि त्या वह्या एकत्र करून जपाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळास नम्रपणे करीत आहोत. वस्त्र ज्याचे त्याच्याच घरी राहावे. संघाने केवळ त्याची नोंद ठेवावी.

चलने येतात आणि जातात. द्रम्म गेला, काहण गेला, पै गेली. १९५७ साली नवा पैसा आला आणि २०११ साली पावलीही चलनातून बाद झाली. कवडीला बाजारातून जाऊन दीडशे वर्षे होत आली, तरी ती देवीच्या माळेत, सारीपाटाच्या डावात, भाषेच्या वाक्प्रचारात आणि आपल्या मातांच्या फेटियावर अजून आहे. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ती येथवर आली त्या लदेणीकरांचे आपण वंशज आहोत. यापुढे कोणी एखाद्या वस्तूस कवडीमोल म्हटले तर ते मोल कोणी चालून मिळविले होते, हे आपल्या मुलांस सांगता यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.